सीआर (वर्गप्रतिनिधी) प्रिन्सिपलने निवडायचा असेल तर तो आमचा कसा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिनेटच्या म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकीची बातमी आली की घरी, कॉलेजच्या ग्रुपवर, सगळीकडे लोकांना वाटतं की चला, विद्यापीठात विद्यार्थ्यांची बाजू मांडणारे निवडून आले. म्हणून आधी हे सांगते की त्या १० जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या असतात. म्हणजे ज्यांची डिग्री झाली आणि ज्यांनी नाव नोंदवलं तेच मतदार. त्यातले काही सदस्य आमच्यासाठी खरंच भांडतात, रिझल्ट लांबला की आवाज उठवतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आज जो वर्गात बसलाय, फी भरतोय, परीक्षा देतोय त्याला या निवडणुकीत मतच नाही.

आमचं मत कुठे आहे तर कागदावर आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा, लागू झाला १ मार्च २०१७ ला. त्याच्या कलम ९९ मध्ये विद्यार्थी परिषद आहे आणि कॉलेजच्या परिषदेचा अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी हे सगळे विद्यार्थ्यांनी थेट मत देऊन निवडायचे असं त्यात स्पष्ट आहे. वर विद्यापीठ परिषदेच्या अध्यक्ष आणि सचिवाला सिनेटवर जागा आहे. २०१९ ला या निवडणुकांचं वेळापत्रक पण लागलं होतं, त्याच वर्षी विधानसभा होती, कॉलेजच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या आणि मग कोविड आला. मी कॉलेजला आले तेव्हापासून आता एमए करतेय तोपर्यंत आमच्या कॉलेजात मतपत्रिका म्हणून काही पाहिलेली नाही.

निवडणूक नको म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही हेही मान्य करायला हवं. १९८९ ला मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, त्या पिढीतले पालक आणि प्राध्यापक ते विसरलेले नाहीत आणि का विसरावं. त्यानंतर १९९४ च्या कायद्याने थेट निवडणूक गेली आणि वर्गात ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो सीआर अशी पद्धत आली. पण त्याच १९८९ मध्ये, मार्च महिन्यात, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. म्हणजे एकीकडे देशाने सांगितलं की १८ वर्षांचा मुलगा खासदार निवडू शकतो आणि दुसरीकडे पुढच्या काही वर्षांत आपल्या राज्याने सांगितलं की तो सीआर निवडू शकत नाही. गावात २१ व्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं, मुली सरपंच होतात, गावाचा निधी, पाणीपट्टी सगळं बघतात. तीच मुलगी कॉलेजात आली की तिला हॉस्टेलच्या गेटच्या वेळेबद्दल बोलायचा अधिकार नाही, हे मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

मार्कांवर सीआर नेमल्यावर नेमकं काय होतं ते मी आतून पाहिलंय. मला मार्क चांगले होते म्हणून सीआर केलं आणि मग कॉलेजच्या गुणवत्ता समितीवर म्हणजे आयक्यूएसीवर विद्यार्थी सदस्य म्हणून घेतलं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या गाइडलाइनप्रमाणे तिथे विद्यार्थी असावा लागतो. मीटिंगचा निरोप आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, सोबत अजेंडा नाही, गेल्या वेळचे मिनिट्स नाहीत. मीटिंग सुरू झाली की सगळे सर एकमेकांशी बोलणार, मला मध्येच विचारणार की बेटा, काही अडचण नाही ना? लायब्ररी परीक्षेच्या काळात उशिरापर्यंत उघडी ठेवा असं मी एकदा म्हटलं तर ठीक आहे, नोंद घेतो म्हणाले, पुढे सहीसाठी रजिस्टर आलं त्यात ती नोंद नव्हती. सर लोक वाईट होते असं मुळीच नाही, त्यातल्या दोघांनी तर मला पुढच्या शिक्षणासाठी खूप मदत केलीय. खरी अडचण ही होती की माझी खुर्ची वर्गाने दिलेली नव्हती. वर्गाला मी त्या समितीवर आहे हेच माहीत नव्हतं त्यामुळे मला कोणी काही सांगत नव्हतं आणि मी परत येऊन कोणाला काही सांगायला बांधील नव्हते. ज्यांनी नेमलं त्यांच्याच हातात माझे इंटर्नलचे मार्क, त्यांच्याकडूनच शिफारसपत्र घ्यायचं, अशा वेळी वीस वर्षांची मुलगी किती ताणून धरणार?

निवडून आलेल्या मुलाला तरी कोण विचारतो असं काही जण म्हणतात. विचारतात हो. कारण पुढच्या वेळी त्याला किंवा त्याच्या मित्राला त्याच वर्गापुढे मत मागायला यायचं असतं. आणि कोणी दमात घेतलं तर त्याच्यामागे मतं दिलेली मुलं उभी असतात, मार्कशीट काही मागे उभी राहत नाही.

बरं हिंसा आणि पैसा कसा रोखायचा याचा विचार झालेलाच आहे. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने २००६ ला अहवाल दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोर्टाने तो लागू करायला सांगितला. एका उमेदवाराचा खर्च ५ हजाराच्या आत, छापील पोस्टर बंद, सगळी प्रक्रिया १० दिवसांत आटपायची, सत्र सुरू झाल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत निवडणूक घ्यायची, पदाधिकाऱ्याच्या पदासाठी एकदाच उभं राहायचं. एवढे नियम असताना तेच जुनं कारण सांगणं बरोबर नाही.

फक्त त्या अहवालातल्या दोन अटी मला खटकतात आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही. ७५ टक्के हजेरी आणि एटीकेटी म्हणजे मागे राहिलेला विषय नको. ऐकायला छान वाटतं, पण सकाळी डिलिव्हरीचं काम करून दुपारी लेक्चरला येणारा मुलगा, घरचं आजारपण सांभाळणारी मुलगी, पहिल्या वर्षी इंग्रजी न झेपल्याने एखादा पेपर राहिलेला खेड्यातला पोरगा हे सगळे त्यात बाद होतात. स्कॉलरशिप न आल्याने अडलेला, पुनर्मूल्यांकनाला पैसे भरून महिनोन्‌महिने वाट बघणारा बहुतेक वेळा यांच्यातलाच असतो, त्याचं दुखणं त्याच्याइतकं टॉपरला कळणार नाही, मी टॉपर होते म्हणून हे सांगू शकते. गुन्ह्याची अट जरूर ठेवा, वयाची ठेवा, पण एटीकेटीची काढा असं माझं मत आहे.

जगात हे काही नवीन नाही. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांमध्ये १८५८ च्या कायद्यापासून विद्यार्थी रेक्टर निवडतात आणि तो रेक्टर कारभारी मंडळाच्या बैठकीचा अध्यक्ष असतो. अर्जेंटिनात १९१८ ला कोर्दोबाच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन करून विद्यापीठाच्या कारभारात वाटा मिळवला आणि ते लोण नंतर लॅटिन अमेरिकेत पसरलं. आपल्याकडे मात्र नवीन नियम आला तरी विद्यार्थी शेवटच्या खुर्चीवरच. यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे तक्रार निवारणाचे नियम बघा, समितीवर अध्यक्ष प्राध्यापक, सदस्य प्राध्यापक आणि विद्यार्थी कोण तर विशेष निमंत्रित, तोही अभ्यास, खेळ वगैरेतल्या कामगिरीवर नेमलेला. तक्रार कोणाची, तर विद्यार्थ्यांची!

पण एक नियम याच्या बरोबर उलटा आहे आणि त्यासाठी मुद्दाम हे पत्र लिहितेय. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कॉलेजात जी अंतर्गत समिती असते, तिच्याबद्दल यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांत म्हटलंय की प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तीन पातळ्यांवरचे तीन विद्यार्थी त्यावर हवेत आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत. नेमलेले नाही, निवडलेले. मला ज्या कॉलेजांची माहिती आहे तिथे ही नावं सरळ ऑफिसमधून ठरतात, बऱ्याच मुलींना बोर्डावरचं ते नाव कोणाचं हेही माहीत नसतं. ज्या मुलीवर प्रसंग आलाय ती अनोळखी नावाकडे जाईल की स्वतः मत दिलेल्या मैत्रिणीकडे?

यासाठी मंत्रालयातून वेळापत्रक यायची वाट बघावी लागत नाही. जिथे अशी समिती आहे तिथे येत्या सत्रात निवडणूक घेता येईल, मतपत्रिकेसाठी कागद आणि एक दुपार एवढंच लागतं. विद्यार्थी मित्रमैत्रिणींना सांगणं आहे की चार-पाच जण मिळून प्रिन्सिपलना लेखी अर्ज द्या, त्यात २०१५ च्या विनियमांचा उल्लेख करा आणि अर्जाच्या कॉपीवर इनवर्ड नंबर घ्यायला विसरू नका. आणि संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांनी कॉलेजा-कॉलेजात जाऊन समितीवरचे विद्यार्थी कसे आले एवढं विचारून ते छापलं तर फार बरं होईल.

आपली,
एमएची एक विद्यार्थिनी