पेनल्टीचा निकष एकच हवा

महोदय,

पेनल्टी क्षेत्रात कोसळलेला खेळाडू पाडला गेला की मुद्दाम पडला, यावर फुटबॉलप्रेमींमध्ये वाद होणारच. मात्र जवळपास सारख्याच धडकेवर एका सामन्यात पेनल्टी आणि दुसऱ्यात पिवळे कार्ड दिले जाते, तेव्हा त्यांचा संताप मला रास्त वाटतो. फाउल झाल्याचे सोंग घेऊन पंचांची फसवणूक करणाऱ्यास ताकीद, म्हणजेच पिवळे कार्ड, द्यावी, हे फुटबॉलच्या नियम १२ मध्ये नमूद आहे. २०१८ मध्ये विश्वचषकात प्रथम वापरलेल्या व्हीएआरमुळे (व्हिडिओ पाहून मैदानावरील पंचांना मदत करणाऱ्या सहाय्यक पंचांमुळे) हा प्रश्न सुटेल अशी आशा होती. परंतु चूक स्पष्ट आणि उघड असेल तरच हस्तक्षेप करण्याची अट असल्याने, हलक्या स्पर्शाच्या प्रसंगी मैदानावरील पंचांचा निर्णय, तो कोणताही असो, बहुधा कायम राहतो. (स्पर्श झाला म्हणजे फाउल झालाच, ही समजूतही चुकीची आहे.) इंग्लंडमध्ये २०१७-१८ च्या हंगामापासून पंचांना फसवून पेनल्टी मिळवणाऱ्यावर, तिघांच्या समितीचे एकमत झाल्यास, दोन सामन्यांच्या बंदीची तरतूद करण्यात आली. अशी कारवाई सर्वच स्पर्धांमध्ये व्हावी आणि वादग्रस्त निर्णयांमागील पंचांची कारणे सामन्यानंतर जाहीर केली जावीत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक