बाबा, या वेळी गूळ बंद करून जाऊ नका

सातपूर, नाशिक

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न.

फोनवरच बोलले असते. पण बाबा, डॉक्टरचा विषय निघाला की नेमकी तुमची रेंज जाते, म्हणून लिहितेय.

परवा कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली. कँटीनमध्येच टेबलं मांडलेली. आधी वजन आणि कंबरेचा घेर, मग बीपी, मग रक्त. प्रेस शॉपवाल्यांचे कान बाहेर व्हॅनमध्ये तपासले. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्यात. त्यांत चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करून द्यायची आहे. आमच्याकडे आम्हा तिशीतल्यांनाही बसवतात.

आमच्या लाइनवरच्या एका काकांनी तारीख कळल्यापासून चहा बिनसाखरेचा केला, भात सोडला, वर रोज कारल्याचा रस. उपाशीपोटी साखर आली 108. काका खूश! पण यंदा एचबीएवनसीही होती, तिच्यात निघाले 7.9. साखर रक्तातल्या लाल पेशींना चिकटते आणि त्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशोब निघतो. आठ दिवसांचं कारलं तिथे चालत नाही. 5.7 च्या आत असलं तर ठीक, 6.5 पासून पुढे मधुमेह.

काकांना धास्ती साखरेची नव्हतीच. क्रेनवरून उतरवतील, ओव्हरटाइम जाईल, ही होती. ती उगाच म्हणता येत नाही. मागे एका वर्षी शुगरवाल्यांची यादी चक्क नोटीस बोर्डावर लागली होती आणि पोरं त्यांना ‘मिठाईवाले’ म्हणत फिरत होती. आम्ही भांडलो तेव्हा कुठे रिपोर्ट बंद पाकिटात यायला लागले. रिपोर्टवरून काम जाईल असं वाटतंय तोवर माणसं अशीच फसवाफसवी करणार, कंपनीने कितीही व्हॅन आणू देत.

पण बाबा, तुम्हाला कोण कामावरून काढणार आहे, द्राक्षबाग? तरी निफाडला रक्त द्यायला जायच्या आधी दोन दिवस तुमचा गूळ बंद, आणि रिपोर्ट हातात पडला की पेढा! आजीला शुगर होती, आत्याला आहे. तुम्ही रात्री दोन-तीनदा उठता, हेही आईने सांगितलंय मला.

माझी 5.9 आली, म्हणजे काठावर. आई, घाबरू नकोस, गोळी नाही दिली. चालायला आणि वजन उतरवायला सांगितलंय. रात्रपाळीचा कँटीनचा चहा मात्र सुटला, त्याचंच वाईट वाटतंय.

तर द्राक्षांची गोडी छाटणी उरकली की दोघं आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. तिशीपुढच्यांची बीपी आणि साखर तिथे फुकट बघतात. एचबीएवनसी तिथे होत नसेल तर सरळ माझ्याकडे या, इथल्या लॅबमध्ये करू. तिला उपाशी राहावं लागत नाही, त्यामुळे बाबांना न्याहारीचं निमित्तही उरणार नाही.

आई, ‘मला काय धाड भरलीय’ म्हणू नकोस. बीपीची गोळी तू डोकं दुखलं तरच घेतेस, वहिनी बोलली. बीपी 140/90 च्या वर गेलं तरी डोकं दुखेलच असं नाही गं, ती गोळी रोजची आहे. जाताना फडताळातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने, अर्धवट राहिलेल्या पट्ट्यासुद्धा. आणि रिपोर्टचा फोटो दादाला सांगून मला त्याच दिवशी पाठवा.

तुमची,
ताई