मर्ल ओबेरॉनच्या चेहऱ्यावरचा दिवा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, ‘वदरिंग हाइट्स’ या जुन्या हॉलिवूडपटात कॅथी झालेली नटी खरंच आपल्या मुंबईची का, असं विचारलंस. हो. मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मली, कलकत्त्यात वाढली. घराणं अँग्लो-इंडियन. तेव्हाच्या लंडन-हॉलिवूडमध्ये अशा मुलीला नायिका कोण करणार? म्हणून जन्म टास्मानियातल्या होबार्टचा, असं छापून आणलं. इतक्या लांब खात्री करायला जातंय कोण!

बाबा, तिच्या चित्रीकरणासाठी केलेल्या दिव्याचं तुमच्यासाठी सविस्तर. १९३७च्या मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण राहिले, पुढे प्रसाधनांनी आणि सल्फा औषधांनी त्वचा आणखी बिघडली. ‘द लॉजर’ (१९४४) या चित्रपटाच्या वेळी छायालेखक ल्युसियन बॅलार्ड यांनी कॅमेऱ्याच्या भिंगाला खेटून छोटा दिवा बसवला. व्रणाचा खळगा दिसतो तो त्यातल्या सावलीमुळे. प्रकाश भिंगाच्याच रेषेत गेला की ती सावली कॅमेऱ्याला दिसत नाही. दिवा वीतभर सरकला की व्रण पुन्हा उठून दिसतात, फार प्रखर केला तर नाक-गाल सपाट होतात. नटी पुढे येऊन अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, म्हणून ती चालत असतानाच तो मंद करत न्यावा लागतो. त्या दिव्याला आजही ‘ओबी’ म्हणतात, तिच्याच नावावरून. १९४५ साली तिने बॅलार्ड यांच्याशी लग्न केलं.

रंग उजळायला ती पाऱ्याचं मलम लावायची, असं तिच्याबद्दल लिहिणारे सांगतात. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, पण अंगात भिनून मूत्रपिंडांवर जातो. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये तो अजूनही सापडतो. आई, घटक न छापलेली डबी कुणी कितीही प्रेमाने दिली तरी वापरू नकोस.

मला सगळ्यात जास्त लागतं ते शार्लटचं. मर्लला तिने वाढवलं, मर्ल तिला आई म्हणायची. रक्ताच्या नात्याने ती आजी. ती सावळी, म्हणून लंडनच्या घरी पाहुण्यांसमोर तिला मोलकरीण व्हावं लागे. १९३७ साली ती गेली. १९४९मध्ये मर्लने जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं, तेही रंग उजळ करायला सांगून. माणूस गेल्यावरही हे सुटू नये, याचं फार वाईट वाटतं.

एवढं नाव झाल्यावर तरी खरं का नाही सांगितलं, असं तू म्हणशील. १९३५च्या ‘द डार्क एंजल’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, ते अभिनयाच्या बळावर. पण तोवर प्रत्येक मुलाखतीत होबार्ट छापलेलं होतं. एक दुरुस्ती केली असती तर सगळंच उसवलं असतं. १९७८ साली होबार्टमध्येच तिचा सत्कार ठेवला, तेव्हा जन्माचा विषय निघाल्यावर बरं नाही म्हणून ती निघून गेली. पुढच्या वर्षी वारली. खरं बाहेर आलं ते १९८३च्या चरित्रातून.

तुमची,
लेक