फुल-फ्रेमच्या आधी लेन्सचा विचार करा

महोदय,

‘फुल-फ्रेम घे, फोटो आपोआप सुधारतील’ असा सल्ला नवख्या छायाचित्रकारांना सर्रास दिला जातो. फुल-फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) कॅमेरा, आणि क्रॉप म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा. मी नाटकं आणि पक्षी दोन्ही टिपते, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

रंगमंचाच्या मंद प्रकाशात फुल-फ्रेमला तोड नाही. ३६ × २४ मिलिमीटरचा त्याचा सेन्सर क्षेत्रफळाने क्रॉपच्या दुपटीहून मोठा. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० वर नेली तरीही नटाच्या गालावरची सावली स्वच्छ उतरते, मागच्या काळ्या पडद्यावर रंगीत ठिपके फारसे उमटत नाहीत. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र गणित उलटं. ३०० मिलिमीटरची लेन्स क्रॉपवर ४५० सारखी चौकट देते, म्हणजे पक्षी मोठा दिसतो. फुल-फ्रेमवर तोच खंड्या फांदीवर एवढासा दिसतो. फुल-फ्रेमला क्रॉपसाठीच्या जुन्या लेन्स लावल्या, तर सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि २४ मेगापिक्सेलपैकी जेमतेम साडेदहा हाती लागतात. हे खरेदीच्या वेळी आपणहून कोण सांगतं? शिवाय फुल-फ्रेमवर पक्षी तेवढाच मोठा दिसायला लागणाऱ्या लांब पल्ल्याच्या लेन्सचं वजन!

अंधारात काम करणाऱ्यांनी जरूर बदल करावा. इतरांनी आधी चांगली लेन्स घ्यावी, आणि जमल्यास फुल-फ्रेम भाड्याने आणून आपल्याच विषयावर वापरून पाहावा. माझा क्रॉप कॅमेरा मी विकलेला नाही, विकणारही नाही.

— एक छायाचित्रकार वाचक