बारा मेगापिक्सल सारखे, पण कॅमेरे सारखे नाहीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी भटकंतीसाठी कॅमेरा कोणता घ्यावा, यावरचा लेख वाचला. लेखकाने पाणी, धूळ आणि धक्के सोसणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांची, म्हणजे ऑलिम्पस टफ टीजी-६ आणि त्याच्यामागून २०२३ मध्ये आलेल्या टीजी-७ या जातीच्या कॅमेऱ्यांची, मनापासून बाजू घेतली आहे. त्यातलं बरंचसं मला मान्य आहे. पण लेखाच्या शेवटी ‘निकॉन डी-३०० सारखे जुने डीएसएलआरही बारा मेगापिक्सलचेच, तेव्हा घरात तसला कॅमेरा पडून असेल तर मिळेल त्या किमतीला काढून टाका’ असा सल्ला दिला आहे. तो वाचून गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. माझ्याकडे छोटा टीजी-६ आणि डी-३०० हा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, असे दोन्ही आहेत आणि दोन्ही नित्य वापरात आहेत.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वेताळ टेकडी, सिंहगडाची वाट, ताम्हिणी, जमेल तिथे जाते आणि पावसाळी वनस्पतींची नोंद ठेवते. फोटो हा माझा पुरावा असतो. देठावर लव आहे की नाही, पाकळीच्या बुडाशी ठिपका आहे का, पान देठाला कसं चिकटलं आहे, हे घरी आल्यावर पडद्यावर मोठं करून बघता आलं पाहिजे. त्यामुळे कॅमेऱ्याकडून माझ्या अपेक्षा फार साध्या पण फार नेमक्या आहेत.

आता मेगापिक्सलबद्दल. एक मेगापिक्सल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके, म्हणजेच पिक्सल. डी-३०० हा २००७ चा कॅमेरा. त्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, साधारण २३.६ बाय १५.८ मिलिमीटरचा आहे. टीजी-६ चा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. एक टपालाच्या तिकिटाएवढा, तर दुसरा जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढा. क्षेत्रफळ काढलं तर तेरा पटींचा फरक पडतो. तेवढेच बारा मेगापिक्सल हरभऱ्यात बसवायचे, तर एकेका पिक्सलच्या वाट्याला उजेड किती येणार? छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर नव्या पद्धतीचा आहे आणि त्याची लेन्स एफ/२ पर्यंत, म्हणजे बरीच मोठी, उघडते, त्यामुळे ही तफावत थोडी भरून निघते. पण पूर्ण नाही. टीजी-६ च्या माहितीपत्रकात आयएसओ, म्हणजे कमी उजेडात वाढवायची संवेदनशीलता, १२,८०० पर्यंत लिहिलेली आहे आणि डी-३०० चा नेहमीचा आयएसओ ३२०० वरच थांबतो. कागदावर छोटा कॅमेरा चौपट पुढे! प्रत्यक्षात ढगाळ संध्याकाळी झाडीत आयएसओ १६०० वर दोन्हीतून एकच पान टिपून बघा. छोट्या कॅमेऱ्यातलं पान लांबून छान दिसतं. मोठं केलं की लव गायब, बारीक शिरा गायब. फोटोतले दाणे पुसताना कॅमेरा पानाचं अंगही पुसून टाकतो. त्यावरून ओळख पटवायला बसलं तर चुकीचं नाव लागतं, आणि नोंदवहीत एकदा चुकीचं नाव शिरलं की पुढे ते कोण शोधणार?

असं असूनही भर पावसात मी छोटाच कॅमेरा काढते, त्याचं कारण सांगते. ताम्हिणीत पाणी झिरपणाऱ्या कातळावर शेवाळाची गादी असते आणि त्या शेवाळात युट्रिक्युलॅरिया स्ट्रायट्युला ही इवलीशी कीटकभक्षी वनस्पती उगवते. फूल अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. खालची पाकळी पंख्यासारखी पसरलेली, पाच भागांची, फिकट जांभळट, आणि गळ्याशी एक पिवळा ठिपका. वरून पाऊस, खालून कातळाचं पाणी, आणि फूल गुडघ्याच्याही खाली. तिथे डी-३०० आणि १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्टी मोठ्या करून टिपणारी लेन्स, मिळून दीड किलोच्या वरचं वजन एका हाताने सावरायचं, दुसऱ्या हातात छत्री धरायची आणि लेन्सवर उडालेला थेंब पुसायला तिसरा हात शोधायचा! टीजी-६ चं वजन बॅटरी-कार्डासकट २५३ ग्रॅम. तो सरळ ओल्या शेवाळावर टेकवता येतो. त्याची लेन्स फुलापासून एक सेंटिमीटरवर आली तरी फोकस होतो. शिवाय सेन्सर लहान असण्याचा इथे चक्क फायदा होतो. डीएसएलआरवर एवढ्या जवळून, लेन्सचं तोंड एफ/८ इतकं लहान केलं तरी, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा भागच स्पष्ट येतो, पिवळा ठिपका पकडला की पंख्याची कड धूसर. छोट्यात दोन्ही एकाच फोटोत सापडतात. मला ओळख पटवण्यासाठी नेमकं हेच हवं असतं.

अडचणी त्यातही आहेत. एक सेंटिमीटरवर कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली फुलावर पडते. त्यासाठी लेन्सभोवती बसणारी उजेडाची कडी वेगळी मिळते, ती घ्यावी. तिच्याशिवाय ही जवळीक अर्धी वाया जाते. अनेक फोटो एकावर एक रचून सगळं स्पष्ट करणारी फोकस स्टॅकिंगची सोयही आहे, पण वाऱ्यात फूल हललं की ती निरुपयोगी. आणि फुलावर एखादी माशी किंवा कोळी असेल तर एवढ्या जवळ गेल्यावर तो तिथे कशाला थांबेल? मॅक्रो लेन्स १५ सेंटिमीटर दूर राहून तेवढाच मोठा फोटो देते, परागीभवन बघायचं असेल तर तीच हवी.

आपल्या लेखात न आलेली आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट कासची आहे. सप्टेंबरात पुण्याहून माणसं गाड्या भरभरून कासला जातात. तिथल्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, मातीचा थर अगदी पातळ असतो, त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी नाजूक झाडं दाटीने वाढतात, आणि एक पाऊल पडलं की त्या पावलाखालचं सगळं चेचलं जातं. एक सेंटिमीटरवरून फोटो काढणारा कॅमेरा हातात असला की माणूस आपोआप वाट सोडून आत शिरतो, गुडघे टेकतो, आडवा होतो. हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी जीव तुटतो. कासला मी छोटा कॅमेरा पिशवीतून काढतच नाही. वाटेवर उभं राहून, लांब लेन्स लावून, वाटेच्या कडेचं जे मिळेल ते टिपते. तिथे जुना डीएसएलआर फुलांना कमी त्रास देतो, एवढं कारण मला पुरेसं आहे. कॅमेऱ्यांची तुलना छापताना, फोटो काढणाऱ्याला तो किती जवळ जायला लावतो, हेही सांगायला हवं.

पाऊस सरला आणि पक्षी आले की तर तुलनेचा प्रश्नच उरत नाही. डिसेंबरात पहाटे कवडीपाटला जाऊन बघा. मुळा-मुठेवर धुकं असतं, चक्रवाकांची जोडी पाण्याच्या कडेला बसलेली असते.  लेन्सचे मिलिमीटर जितके जास्त तितकं दूरचं जवळ दिसतं; छोट्या कॅमेऱ्याची झूम जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने १०० मिलिमीटरइतकीच पोचते, त्यात चक्रवाक म्हणजे एक भगवा ठिपका. डी-३०० ला ३०० मिलिमीटरची लेन्स लावली की ती त्याच हिशेबाने ४५० सारखं काम करते. त्याच्या बॉडीत फोकसची मोटर आहे, म्हणून स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या एएफ (ऑटोफोकस) लेन्सही त्यावर चालतात. फोकसचे ५१ बिंदू आहेत, आणि व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतून, काचेतून थेट दिसतं. पक्षी उडाला की डोळ्यासमोर तो त्याच क्षणी उडतो. छोट्याला व्ह्यूफाइंडर नाही. सूर्य वर आला की पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो. भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणाऱ्या कुणालाही विचारा.

दिवे घाटात माउलींच्या पालखीचे फोटो काढायला जाणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. तिथे गर्दीत, पावसात, घाट चढताना छोटा कॅमेरा गळ्यात असणंच सोयीचं. पण संध्याकाळ झाली, उजेड गेला की वारकऱ्यांचे चेहरे टिपायला मोठा सेन्सर लागतो. ज्याला जे साधायचं आहे त्याने तसं ठरवावं.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर वाचक आंधळा विश्वास ठेवतात, त्याबद्दल चार ओळी लेखात यायला हव्या होत्या. टीजी-६ हा १५ मीटर खोल पाण्यात चालतो आणि २.१ मीटरवरून पडला तरी टिकतो, असं कंपनी सांगते. पण हे सगळं बॅटरीच्या आणि केबलच्या झाकणातल्या रबरी सीलवर अवलंबून असतं. सीलवर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरतं. म्हणून ओल्या हातांनी, पावसात उभं राहून झाकण उघडू नये. तारकर्लीला समुद्रात नेला असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्यात बुडवून मग कोरडा करावा. सील दरवर्षी बदलून घ्यावं, असं माहितीपुस्तिकेतच सांगितलं आहे. जोरात आपटल्यानंतर तो पूर्वीसारखाच पाणी अडवेल असं धरून चालू नये. गरम पाण्याच्या कुंडात तर अजिबात नेऊ नये.

आणि डीएसएलआर पावसाळ्यात टिकत नाही असं जे म्हटलं जातं, ते खरं म्हणजे कपाटात टिकत नाही. डी-३०० ची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, सांधे बंदिस्त आहेत, हलक्या सरीने त्याला काही होत नाही. अर्थात बॉडी बंदिस्त असली तरी लेन्स तशी असेलच असं नाही, हे पाहून घ्यावं. पुण्यात लेन्सना मारते ती बुरशी. जुलै-ऑगस्टात चामड्याच्या बॅगेत, बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओल शोषणारं निळं सिलिका जेल, आणि ते जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत तापवणं, एवढं केलं तरी लेन्स वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून उजेडात चार फोटो काढले तर आणखी चांगलं.

ओघात आणखी एक. टीजी-६ प्रत्येक फोटोत ठिकाण नोंदवू शकतो. माझ्यासारखीला ही मोठी सोय आहे, नोंदवहीत जागा शोधत बसावं लागत नाही. पण खरपुडीसारखी दुर्मीळ वनस्पती सापडली, तर तिच्या कंदासाठी ती उपटली जाण्याची भीती असते. मूळ फाइल कुणाला पाठवाल तेव्हा ती ठिकाणाची नोंद काढून मगच पाठवा. हे तरुण भटक्यांना तुमच्या पुरवणीतून कुणीतरी कळकळीने सांगायला हवं.

माझी आपल्याला विनंती एवढीच की कॅमेऱ्यांवर लिहिताना मेगापिक्सलच्या शेजारी सेन्सरची लांबी-रुंदी छापत जा, कमीत कमी किती अंतरावरून फोकस होतो ते छापत जा, आणि शक्य असेल तर एकाच संध्याकाळी, एकाच आयएसओवर काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी छापा. जागा थोडी लागेल, पण वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येईल.

आणि ज्या घरात जुना डीएसएलआर पडून आहे, त्यांनी तो भंगाराच्या भावाने काढू नये. स्वतः वापरणार नसाल तर जीवशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला द्या. या मुलांना नवा कॅमेरा परवडत नाही, आणि मोबाइलवर त्यांचा अभ्यास अडतो. देण्याआधी लेन्स टॉर्च लावून तपासा, आत बुरशी असेल तर तसं स्पष्ट सांगा. डी-३०० ला आताचं नेहमीचं एसडी कार्ड चालत नाही, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागतं आणि ते सहज मिळत नाही. त्यामुळे घरात असलेली सगळी कार्डं, कार्ड रीडर, चार्जर आणि बॅटऱ्या कॅमेऱ्यासोबतच द्याव्यात.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
निवृत्त प्राध्यापिका, वनस्पतिशास्त्र
कोथरूड, पुणे