“लक्ष दे” म्हणू नका, लक्षच सगळं तिथं जातंय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसप्रॅक्सियावर, म्हणजे हातापायांच्या हालचालींचा मेळ नीट न बसण्याच्या लहानपणापासूनच्या अडचणीवर, काही छापून आलं की ते बहुतेक लहान मुलांवर असतं. बुटाची लेस बांधता येत नाही, बॉल झेलता येत नाही, अक्षर खराब येतं, पालकांनी काय करावं वगैरे. यायलाच पाहिजे ते. पण ती मुलं मोठी होतात की! नोकरीला लागतात, संसाराला लागतात आणि अडचणही त्यांच्यासोबतच येते. मी त्यातलीच एक, ऑफिसात काम करणारी बाई, आणि मला हे आहे हे कळलं तेच मुळी तिशी उलटल्यावर. म्हणून मोठ्यांबद्दल लिहितेय.

वैद्यकीय भाषेत याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात डीसीडी. डीएसएम-५ म्हणून मानसिक आणि वाढीच्या विकारांचं निदान करायचं जे अमेरिकन मॅन्युअल २०१३ साली आलं त्यात शाळकरी वयातल्या ५ ते ६ टक्के मुलांना हे असतं असं दिलंय, आणि त्यातल्या ५० ते ७० टक्के मुलांच्या अडचणी किशोरवयातही राहतात असंही दिलंय. स्नायू धडधाकट असतात, नजर ठीक असते, बुद्धीचा काही संबंध नाही. हालचाल ठरवणं आणि ती वेळेवर, नेमक्या जोरात करणं यात गडबड होते.

आता हे वाचून काही कळत नाही हे मला माहितीये, म्हणून एक साधी गोष्ट सांगते. कुलूप उघडायचंय. किल्ली कुठल्या बाजूने धरायची, कुठल्या कोनात घालायची, किती जोर लावायचा, कुठे फिरवायची, त्याच वेळी दुसऱ्या हाताने दार ओढून धरायचं का ढकलायचं, हे तुमच्या हाताला माहीत असतं, तुम्ही फोनवर बोलत बोलत कुलूप उघडता. मला यातली प्रत्येक पायरी मनातल्या मनात बोलावी लागते, इतक्या वर्षांनी, रोजच्या त्याच दाराला. आणि मागे कोणी हातात पिशव्या घेऊन उभं असेल आणि म्हणालं “अगं उघड की लवकर”, तर संपलंच, कारण ते वाक्य ऐकायला जेवढं लक्ष गेलं तेवढं किल्लीवरून गेलं.

संशोधकांचं एक म्हणणं असं आहे की आपण हात हलवायच्या आधीच मेंदू अंदाज बांधून ठेवतो, की हात असा गेला की ग्लास इथं असेल, पकड एवढी लागेल, आणि आमच्याकडे हा आधीचा अंदाजच कच्चा असतो. मग डोळ्यांनी बघत बघत, होईल तसं सुधारत जावं लागतं, आणि ते हळू पडतं, दमवणारं तर असतंच. मला स्वतःला हे फार पटलं, कारण संध्याकाळी मी का एवढी गळून जाते याचं उत्तर पहिल्यांदाच मिळालं. दिवसभर काय डोंगर फोडले होते? नाही. पण जिना उतरताना पायरी बघायची, गर्दीत माणसांना धक्का लागू द्यायचा नाही, दाराच्या चौकटीत खांदा आपटायचा नाही, पाण्याचा ग्लास टेबलावर नेमका किती आत ठेवायचा, ओढणी कशात अडकतेय का, हे सगळं मुद्दाम, ठरवून, दिवसभर चालू असतं.

म्हणून “लक्ष देऊन कर ना जरा” हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. वेंधळी, धांदरट, धसमुसळी, एक काम धड करत नाही, हे सगळं ऐकत मोठी झालेय आणि या पत्राचे निम्मे वाचक यातलं काहीतरी घरात कोणाला तरी म्हणत असतील. पण त्या शिव्यांपेक्षा तो साधा सल्ला वाईट, कारण त्यात गृहीत धरलेलं असतं की माझ्याकडे लक्ष शिल्लक आहे आणि मी ते देत नाहीये. उलट आहे हो! जिथं तुम्हाला लक्ष लागतच नाही तिथं माझं सगळं खर्च होतंय.

ऑफिसात हे कसं दिसतं ते सांगते. मीटिंगमध्ये नोट्स घ्यायला सांगितल्या की मी एकतर लिहू शकते किंवा ऐकू शकते, पेन इतकं दाबून धरलं जातं की बोटं दुखतात आणि पान संपेपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असतं. एका जुन्या नोकरीत साहेबांनी माझी वही सगळ्यांसमोर उचलून दाखवली होती, “हे काय आहे” म्हणून. त्याच साहेबांना माझे रिपोर्ट आवडायचे, ते मी टाइप करून द्यायचे. म्हणजे डोकं तेच, फक्त कामाची वाट वेगळी. आता मी कीबोर्ड वापरते, कुठं चालत असेल तर रेकॉर्डिंगची परवानगी मागते, आणि नवीन मशीन किंवा सॉफ्टवेअर शिकवताना “बघ, असं, असं आणि असं” असं भराभर करून न दाखवता पायऱ्या लिहून द्या म्हणते. एकदा दिलं की पुन्हा विचारायला येत नाही मी.

वेळेचं आणि आवराआवरीचंही तसंच आहे, लोकांना वाटतं हा फक्त हातापायाचा प्रश्न आहे, पण बऱ्याच मोठ्या माणसांना कामांचा क्रम लावणं, निघायला किती वेळ लागेल याचा अंदाज, एकावेळी दोन गोष्टी करणं हेच जास्त नडतं. शिवाय एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं अवघड जाण्याचा विकार, सोबत असणाऱ्यांचं प्रमाण खूप आहे. गाडी चालवणं हा तर वेगळाच विषय, क्लच, गिअर, आरसा, समोरचा रस्ता हे सगळं एकदम. काहीजण ऑटोमॅटिक गाडीवर शिकतात आणि उत्तम चालवतात, काहीजण चालवत नाहीत, दोन्ही ठीक आहे.

तपासणीचं म्हणाल तर अडचण अशी की टेस्ट बहुतेक मुलांसाठीच बनलेल्या. मोठ्यांसाठी संशोधक अमांडा कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक प्रश्नावली मांडली, तिच्यात लहानपणी काय व्हायचं आणि आता काय होतं दोन्ही विचारलेलं असतं. लहानपणचं विचारणं महत्त्वाचं आहे, कारण डीसीडी लहानपणापासूनच असतं. चांगला चालता-फिरता माणूस मोठेपणी अचानक अडखळायला लागला, वस्तू हातातून पडायला लागल्या तर ते डिसप्रॅक्सिया नव्हे, तिथं लगेच डॉक्टर गाठायचा, हे कृपया ठळक छापा.

गोळी नाही यावर. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमवायला शिकवणारे तज्ज्ञ, मदत करतात आणि ती मदत हवेतली नसते, जे काम जमत नाही तेच काम घेऊन बसतात. कॅनडात तयार झालेली को-ऑप नावाची पद्धत आहे, त्यात आधी ध्येय ठरवायचं, मग बेत, मग करून बघायचं, मग तपासायचं, आणि बेत थेरपिस्ट सांगत नाही, तुमच्याकडूनच काढून घेतो. मी शर्टाची बटणं अशीच शिकले, खालून वर लावत यायचं, कारण खालचं बटण आणि काजं दोन्ही डोळ्यांना दिसतात. एवढं साधं आहे, पण आयुष्यात कोणी ते थांबून सांगितलं नव्हतं.

मुलींचं जरा वेगळं बोलायला हवं. निदान मुलग्यांचं जास्त होतं, आणि मुलगी असली की तिला नीटनेटकं राहा, हळू चाल, सुबक लिही हे सांगण्यातच वर्षं जातात, तपासायला कोणी नेत नाही. मग ती स्वतःच कामं टाळायला शिकते. खेळायला नको म्हणते, नाचायला नको म्हणते, चारचौघांत वाढायला उठत नाही, आणि लोक म्हणतात आळशी आहे, शिष्ट आहे. डीसीडी असलेल्या मोठ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त दिसतं हे अभ्यासांमधून आलेलं आहे आणि मला त्यात आश्चर्य वाटत नाही.

अभिनेता डॅनियल रॅडक्लिफने २००८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्याला सौम्य डिसप्रॅक्सिया आहे आणि लेस बांधायला अजून त्रास होतो. मला बरं वाटलं होतं वाचून. पण प्रसिद्ध माणसाच्या लेस दुसरं कोणीतरी बांधून देतं, ऑफिसला जाणाऱ्या माणसाला वेळ लागतो आणि तो वेळ त्याला कोणी देत नाही.

तर माझी विनंती अशी आहे की तुमच्या आरोग्य पुरवणीत मोठ्यांच्या डीसीडीवर एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला सविस्तर लिहायला सांगा, त्याचं निदान कुठं आणि कसं होतं, कामाच्या ठिकाणी काय मागता येतं, हे सगळं. आणि नोकरीच्या पानावर एचआरवाल्यांसाठीही लिहून घ्या, की हाताने भरायच्या फॉर्मच्या जागी टाइप केलेला चालेल का, शिकवताना लेखी पायऱ्या देता येतील का, आणि माणूस काम करत असताना मागे उभं राहून बघू नये. यातल्या कशालाच खर्च येत नाही.

आपली,
एक नियमित वाचक