बी-कॉम्प्लेक्सने न जाणारे तोंड येणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तोंड आलंय’ म्हटले की औषधाच्या दुकानात बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणि बधिर करणारे जेल मिळते. साधा फोड त्याशिवायही आठ-दहा दिवसांत बरा होतो आणि श्रेय गोळीला जाते. पण महिनोन्महिने तिखट सोसत नसेल, दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी असेल आणि मधली जागा लाल, सोललेली असेल, तर तो बहुधा लायकेन प्लॅनस असतो. यात शरीराच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तोंडाच्या अस्तरावर उलटतात. चाळिशीपुढच्या स्त्रियांत तो जास्त दिसतो. तो संसर्गाने होत नाही, म्हणून अँटिबायोटिकचा उपयोग नाही. (खर्रा, सुपारी खाणाऱ्याचे तोंड उघडेनासे होते तो आजार वेगळा, त्याचे उपचारही वेगळे.)

उपचाराआधी निदान पक्के हवे. जखमेच्या मधून नव्हे, तर कडेने चार-पाच मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. पेम्फिगससारखा (फोड येऊन अस्तर सोलणारा) आजार वगळायचा असेल तर दुसरा तुकडा लागतो आणि तो फॉर्मेलिनमध्ये (तुकडे टिकवण्याच्या नेहमीच्या द्रावात) टाकायचा नसतो. टाकला तर त्या तुकड्याची तपासणी वाया जाते. ‘चिरा दिला की कॅन्सर पसरतो’ ही भीती निराधार आहे. चट्टा फक्त चांदी भरलेल्या दाढेला टेकतो तिथेच असेल, तर ते भरण बदलून पाहावे. रक्तदाबाच्या आणि सांधेदुखीच्या काही गोळ्यांनीही असे चट्टे उठतात. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

आग आणि जखमा थांबवणे एवढेच उपचाराचे उद्दिष्ट असते. पांढऱ्या रेषा राहिल्या आणि दुखत नसल्या तर त्यांना औषध लागत नाही. पहिले औषध म्हणजे वरून लावायचे स्टेरॉइड. ट्रायमसिनोलोन ०.१ टक्के पेस्ट जेवणानंतर आणि झोपताना लावतात. जागा स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करावी, अर्धा सेंटिमीटर पेस्ट बोटाने दाबून बसवावी. चोळली की ती वाळूसारखी कणीदार होते आणि सुटून येते. ‘मलमाने गुण नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची चूक इथेच असते. चट्टे पसरलेले असतील तर बीटामेथासोनची विरघळणारी ०.५ मिलिग्रॅमची गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवून तीन मिनिटे तोंडात फिरवतात आणि थुंकतात. असे दिवसातून दोन ते चार वेळा, डॉक्टर सांगतील तसे. पुढे अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. ते पाणी गिळले तर साखर आणि रक्तदाब वाढू शकतो. मधुमेहींनी हे विशेष जपावे. आराम पडल्यावर खेपा हळूहळू कमी कराव्यात.

औषध सुरू असताना आग पुन्हा वाढली आणि पुसल्यावर निघणारा पांढरा थर दिसला, तर ती बुरशी असते. क्लोट्रिमॅझोलच्या माउथ पेंटने ती आवरते. स्टेरॉइड वाढवले तर चिघळते. हिरड्या सोलल्या असतील तर मापाचा मऊ ट्रे बनवून त्यात क्लोबेटासोल ०.०५ टक्के भरून बसवतात. दुखते म्हणून ब्रश सोडू नये: कीटण साचते आणि हिरड्या आणखी सुजतात. मऊ ब्रश, फेस न करणारी (सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली) पेस्ट, आणि दंतवैद्याकडून कीटण काढून घेणे, एवढ्यानेच हिरड्यांची आग बरीच उतरते. याने भागले नाही तर टॅक्रोलिमस ०.१ टक्के मलम किंवा पोटातून प्रेडनिसोलोनचा थोड्या दिवसांचा कोर्स देतात. हे दोन्ही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

या आजारातून साधारण शंभरात एकाला पुढे कॅन्सर होतो. म्हणून दुखत नसले तरी सहा महिन्यांनी तोंड दाखवावे. मधेच कडक गाठ, न भरणारी जखम किंवा जिभेच्या कडेला उंचवटा आला तर तारखेची वाट पाहू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत ही तपासणी होते.

औषध विक्रेत्यांना कळकळीची विनंती: पट्टी देण्याआधी ‘किती दिवस झाले?’ एवढे विचारा. दोन आठवड्यांहून जास्त झाले असतील, तर त्या माणसाला दंतवैद्याकडे पाठवा.

— मुखरोग विषयाचे शिक्षक, नागपूर